घटक ५ : अंध वाचक आणि संकेतस्थळ – ऐकून वाचण्याची रीत

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• अंध व्यक्ती संगणकावर व मोबाइलवर संकेतस्थळ कसे वाचतात, हे स्पष्ट करता येईल.
• पानावरील शीर्षके, दुवे, तक्ते व अर्जातील रकाने यांचे अंध वाचकाच्या दृष्टीने महत्त्व सांगता येईल.
• मराठी मजकूर स्क्रीन रीडरला न वाचता येण्याची भाषिक व तांत्रिक कारणे सांगता येतील.
• चित्रासाठी पर्यायी मजकूर आणि दुव्यासाठी अर्थपूर्ण शब्द लिहिता येतील.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण संकेतस्थळासाठी लेखन कसे करावे, याचा परिचय करून घेतला. तेथे ‘वाचक’ हा शब्द वापरताना पानावरून नजर फिरवणारा, म्हणजे डोळस वाचक आपण गृहीत धरला होता. प्रस्तुत घटकात हे गृहीतच तपासून पाहायचे आहे. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ५० लाख व्यक्तींची दृष्टिविषयक अपंगत्व असलेल्या व्यक्ती म्हणून नोंद झाली आहे. प्रवेशअर्ज, परीक्षेचा निकाल, बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, सातबाराचा उतारा, नोकरीची जाहिरात या साऱ्या गोष्टी आज संकेतस्थळांवर आल्या आहेत. अशा वेळी जी व्यक्ती संकेतस्थळ वाचू शकते, ती आपले काम आपण करते. जिला ते वाचता येत नाही, तिला आपली कागदपत्रे, आपले उत्पन्न आणि प्रसंगी आपला संकेतशब्दही दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो.

अंध व्यक्ती संकेतस्थळ वाचू शकतात काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्या वाचू शकतात आणि गेली कित्येक वर्षे वाचत आहेत. मात्र त्यांच्या वाचनाची रीत वेगळी आहे. ही रीत समजून घेतली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते : अंध वाचकाचे वाचन यंत्राइतकेच मजकूर लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. म्हणूनच हा विषय संगणकशास्त्राप्रमाणे भाषेच्या विद्यार्थ्याचाही आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ स्क्रीन रीडर म्हणजे काय?

पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखवणाऱ्या किंवा ब्रेल पटलावर उमटवणाऱ्या आज्ञाप्रणालीला स्क्रीन रीडर असे म्हणतात. येथे एक गैरसमज प्रथमच दूर केला पाहिजे. पडद्यावर जे चित्र दिसते, ते पाहून स्क्रीन रीडर सहसा वाचत नाही. पानामागे जी संहिता असते तिच्यावरून ब्राउझर पानाची रचना तयार करतो आणि ती स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचवतो. हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, हा दुवा आहे, हे बटण आहे, हा रकाना आहे, अशी माहिती या संहितेत असते. स्क्रीन रीडर शब्दांबरोबर ही ओळखही उच्चारतो. उदाहरणार्थ, ‘परीक्षा विभाग’ हे शब्द शीर्षक म्हणून नोंदवलेले असतील, तर ‘शीर्षक, पातळी दोन, परीक्षा विभाग’ असे ऐकू येते. तेच शब्द केवळ ठळक व मोठ्या अक्षरांत रंगवलेले असतील, तर ते साध्या मजकुरासारखे वाचले जातात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते; कानाला मात्र पहिले शीर्षक असते आणि दुसरे नुसते दोन शब्द असतात.

या साधनाचा इतिहास थोडक्यात पाहू. डॉसच्या काळात पडद्यावर केवळ अक्षरे असत, त्यामुळे ती वाचून दाखवणे तुलनेने सोपे होते. टेड हेंटर या अंध तंत्रज्ञांच्या कंपनीने १९८९ मध्ये ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर डॉससाठी आणला. पुढे विंडोजने अक्षरांच्या जागी चित्रे, खिडक्या आणि माउस आणला, तेव्हा अंध वापरकर्त्यांपुढे मोठाच पेच उभा राहिला. विंडोजसाठीचा जॉज १९९५ मध्ये आला. मात्र अशी साधने महाग होती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा मुक्त स्रोत स्क्रीन रीडर विकसित करण्यास आरंभ केला. तो विनामूल्य असल्याने ज्यांना महागडे साधन विकत घेणे शक्य नाही, अशा जगभरच्या वाचकांना संगणक खुला झाला. २००९ मध्ये आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ अंगभूत आले आणि त्याच वर्षी अँड्रॉइडसाठी ‘टॉकबॅक’ उपलब्ध झाले. आज बहुतेक स्मार्टफोनमध्ये स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो. तो केवळ सुरू करावा लागतो.

५.२.२ श्रवण आणि वाचन

ऐकून ग्रहण करणे मराठी परंपरेला नवे नाही. ज्ञानेश्वरीत श्रोत्यांना वारंवार संबोधले आहे. पोथी, कीर्तन, पोवाडा हे सारे कानांनी घ्यायचे प्रकार आहेत. तथापि पोथीचा श्रोता आणि संकेतस्थळाचा अंध वाचक यांत महत्त्वाचा फरक आहे. पोथी ऐकणारा पुराणिकाच्या गतीने, आरंभापासून क्रमाने ऐकतो. संकेतस्थळाचा वाचक आवाजाची गती स्वतः ठरवतो, मध्येच थांबवतो, मागे जातो, नको तो भाग ओलांडतो आणि हव्या त्या जागी उडी घेतो. म्हणून त्याला श्रोता न म्हणता वाचक म्हणणेच योग्य होय. सराव झालेले अनेक अंध वाचक नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट वा त्याहून अधिक वेगाने आवाज ऐकतात. नवख्याला तो केवळ गुणगुणाट वाटतो. त्यांना मात्र त्यातील शब्द न् शब्द कळतो.

डोळस वाचकाला पान एकदम दिसते. वर्तमानपत्र उघडताच ठळक मथळे, चौकटी, छायाचित्रे एका दृष्टिक्षेपात ध्यानात येतात. ध्वनी एकापाठोपाठ एक असा येतो. कानाला ‘दृष्टिक्षेप’ नसतो. मग अंध वाचक पानाचा अंदाज कसा घेतो? त्याचे उत्तर पुढील भागात पाहू.

५.२.३ पानावर वावरण्याच्या पद्धती

अंध वाचक सहसा माउस वापरत नाही, कारण बाण कोठे आहे हे त्याला दिसत नाही. त्याचे सारे काम कळफलकावर चालते. पान उघडताच प्रथम पानाचे नाव ऐकू येते. त्यानंतर तो पुढीलपैकी एक वा अनेक मार्ग अवलंबतो.

(अ) शीर्षकांवरून जाणे : एनव्हीडीए व जॉज यांत ‘एच’ ही कळ दाबली की पुढील शीर्षक वाचले जाते. १ ते ६ या आकड्यांच्या कळांनी त्या त्या पातळीच्या शीर्षकावर जाता येते. ग्रंथाची अनुक्रमणिका चाळावी त्याप्रमाणे काही क्षणांत पानाची रूपरेषा कळते. अमेरिकेतील ‘वेबएम’ ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची वेळोवेळी पाहणी करते. लांब पानावर माहिती शोधताना आधी काय करता, या प्रश्नाला अलीकडच्या पाहण्यांत दोन-तृतीयांशाहून अधिक जणांनी ‘शीर्षकांवरून जातो’ असेच उत्तर दिले आहे.

(आ) दुव्यांवरून जाणे : ‘टॅब’ ही कळ एका दुव्यावरून वा रकान्यावरून पुढच्यावर नेते. पानावरील सर्व दुव्यांची यादीही एकत्र मागवता येते. ही यादी संदर्भाविना ऐकली जाते, हे ध्यानात ठेवावे. पानावर अकरा ठिकाणी ‘येथे क्लिक करा’ असे लिहिले असेल, तर यादीत ‘येथे क्लिक करा’ हे अकरा वेळा ऐकू येते आणि एकाचाही अर्थ लागत नाही.

(इ) विभागांवरून जाणे : पानाचा माथा, दिशादर्शक पट्टी, मुख्य मजकूर, तळटीप असे विभाग संहितेत नोंदवलेले असल्यास एनव्हीडीएमध्ये ‘डी’ या कळेने एका विभागातून दुसऱ्यात जाता येते. काही संकेतस्थळांवर आरंभीच ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा दुवा असतो. तो नसेल आणि पानाची रचनाही नोंदवलेली नसेल, तर प्रत्येक नव्या पानावर तीच तीस-चाळीस दुव्यांची पट्टी ओलांडावी लागते.

(ई) तक्त्यात फिरणे : कंट्रोल, आल्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबून तक्त्यातील एका चौकटीतून दुसरीत जाता येते. स्तंभांना व ओळींना मथळे दिलेले असतील, तर प्रत्येक चौकटीबरोबर तिचा मथळाही वाचला जातो. परीक्षेच्या वेळापत्रकात नुसते ‘११ ते २’ असे ऐकू आले, तर वाचकाला काय समजणार? ‘मराठी साहित्याचा इतिहास, वेळ, ११ ते २’ असे ऐकू आले तर वेळापत्रक कळते.

(उ) शब्द शोधणे : पानावर कोणता शब्द असणार हे ठाऊक असल्यास तो शोधून थेट तेथे जाता येते. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द पानावर मजकूर म्हणून असेल, तरच अर्थात तो सापडतो.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. ‘एच’ ही कळ वाचताना शीर्षकावर नेते. परंतु अर्जातील रकान्यात नाव लिहिताना तीच कळ अक्षर उमटवते. म्हणून स्क्रीन रीडरच्या दोन अवस्था असतात : वाचनाची आणि लेखनाची. रकान्यात प्रवेश करताच अवस्था बदलते आणि एका लहानशा ध्वनीने तशी सूचना मिळते. अंध वापरकर्ता पूर्ण वेळ या दोन अवस्थांचे भान राखून काम करीत असतो.

मोबाइलवर कळफलकाची जागा बोट घेते. पडद्यावर बोट फिरवले की बोटाखालील घटकाचे नाव ऐकू येते. उजवीकडे बोट सारले की पुढचा घटक, डावीकडे सारले की मागचा. हवा तो घटक आला की पडद्यावर दोनदा टिचकी मारायची. आयफोनमध्ये दोन बोटे चावी फिरवल्यासारखी फिरवून ‘शीर्षके’, ‘दुवे’, ‘शब्द’, ‘अक्षरे’ असा वावरण्याचा प्रकार निवडता येतो.

काही वाचक ब्रेल पटल वापरतात. या उपकरणात ठिपक्यांच्या लहान पिना खालीवर होऊन एकेक ओळ बोटांखाली उमटते. पुढची ओळ मागवली की तेच ठिपके नवे रूप घेतात. शुद्धलेखन तपासणे, कवितेच्या ओळी पाहणे, आकडे ताडून घेणे यांसाठी ब्रेल आवाजापेक्षा अधिक नेमके असते. अंध असून ऐकूही न येणाऱ्या व्यक्तीला तर तोच मार्ग असतो. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून ‘भारती ब्रेल’ ही समान लिपी आहे आणि मराठीही तीत लिहिली जाते. २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी पाक्षिक स्वागत थोरात यांच्या संपादनाखाली मुंबईहून ब्रेलमध्ये प्रसिद्ध होऊ लागले. कागदावरील ब्रेल वाचणाऱ्या या वाचकवर्गाला संकेतस्थळावरचे मराठीही त्याच सहजतेने मिळावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(१) ठळक अक्षरांतील मजकूर आणि शीर्षक यांत स्क्रीन रीडरच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
(२) ‘येथे क्लिक करा’ हा दुवा गैरसोयीचा का ठरतो?

५.२.४ वाट कोठे अडते? – एका अर्जाचे उदाहरण

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका अंध विद्यार्थिनीला महाविद्यालयीन प्रवेशाचा अर्ज भरायचा आहे आणि आज शेवटचा दिवस आहे.

ती पान उघडते. प्रवेशाची सूचना चित्ररूपात लावलेली आहे; तिला केवळ ‘चित्र’ एवढेच ऐकू येते. मैत्रिणीला दूरध्वनी करून ती सूचना समजून घेते. अर्जात शिरल्यावर ‘रकाना, रिकामा’, ‘रकाना, रिकामा’ असे ऐकू येते. कारण ‘नाव’, ‘आडनाव’, ‘आईचे नाव’ हे शब्द रकान्यांच्या शेजारी दिसत असले, तरी संहितेत ते रकान्यांशी जोडलेले नाहीत. ती मागे-पुढे जाऊन अंदाज बांधते. जन्मतारखेसाठी दिनदर्शिका उघडते; तीवर माउसनेच निवड करता येते, तारीख टंकलिखित करता येत नाही. पुढे एक रकाना चुकतो. चूक लाल चौकटीने दाखवली जाते. रंग ऐकू येत नसल्याने अर्ज पुढे का सरकत नाही, हे तिला उमगत नाही. अखेरीस ‘कॅप्चा’ येतो : वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा. समोर माणूस आहे की यंत्र, हे ठरवण्यासाठीची ही परीक्षा आहे. डोळे नसलेला माणूस या परीक्षेत यंत्राच्या पंक्तीत जाऊन बसतो. ध्वनीचा पर्याय दिलेला नाही. तोवर दहा मिनिटांची मुदत संपते, भरलेली माहिती पुसली जाते आणि पुन्हा पहिल्या रकान्यापासून आरंभ करावा लागतो.

ही विद्यार्थिनी संगणक उत्तम जाणते. अडथळ्यांपैकी एकही तिच्या अंधत्वातून अपरिहार्यपणे उद्भवलेला नाही. प्रत्येकाचे मूळ अर्ज तयार करणाऱ्याच्या निवडीत आहे. सूचना मजकूर म्हणून दिली असती, रकान्यांना नावे जोडली असती, तारीख लिहिण्याची मुभा असती, ‘जन्मतारीख भरलेली नाही’ असे शब्दांत सांगितले असते, कॅप्चाला पर्याय असता आणि मुदत वाढवून घेता आली असती, तर हाच अर्ज तिने कोणाच्याही मदतीविना भरला असता. ‘कोणीतरी भरून देईलच’ असे येथे सहज म्हटले जाते. परंतु भरून देणाऱ्याला तिची जात, उत्पन्न, गुण, बँकखाते हे सारे कळते, आणि तो जेव्हा मोकळा असेल तेव्हाच अर्ज भरला जातो. स्वावलंबन आणि खाजगीपणा या दोन्ही गोष्टी येथे पणाला लागलेल्या असतात.

५.२.५ मराठी मजकुराचे विशेष प्रश्न

वरील अडथळे कोणत्याही भाषेत येतात. मराठी वाचकापुढे याखेरीज आणखी काही प्रश्न उभे राहतात.

(१) जुने फॉन्ट : यूनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले फॉन्ट वापरात होते आणि अनेक कार्यालयांत व छापखान्यांत ते आजही आहेत. ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द दिसतो, तेव्हा संगणकाच्या लेखी तेथे ‘ई, जे, के, बी, एच’ ही रोमन अक्षरे असतात. डोळस वाचकाला ‘मराठी’ दिसते. स्क्रीन रीडरला मात्र निरर्थक अक्षरांची रांग मिळते. यूनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे. ‘म’ हा कोणत्याही फॉन्टमध्ये ‘म’च राहतो. त्यामुळे यूनिकोड मजकूर वाचता येतो, शोधता येतो आणि ब्रेलमध्येही रूपांतरित होतो.

(२) छायांकित पाने : जुनी पुस्तके, शासननिर्णय, परिपत्रके यांची पाने स्कॅन करून पीडीएफ रूपात ठेवली जातात. अशी पीडीएफ म्हणजे पानाचे छायाचित्र असते. अक्षर ओळखणाऱ्या ओसीआर प्रणालीने त्यातून मजकूर काढता येतो. पण छपाई पुसट असेल, पान तिरके असेल किंवा जोडाक्षरे दाट असतील, तर चुका होतात. शिक्का मारून सही केलेला कागद प्रसिद्ध करणे आवश्यक असेल, तर त्याच्यासोबत यूनिकोड मजकूरही द्यावा.

(३) भाषेची नोंद : पानाची भाषा कोणती, हे संहितेत नोंदवता येते. पान मराठी असून नोंद इंग्रजीची असेल, तर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाकडे सोपवला जाण्याचा संभव असतो. मग तो गाळला जातो किंवा त्याचे उच्चार विद्रूप होतात. ईस्पीकसारखी मुक्त प्रणाली मराठीत बोलू शकते, पण आपल्याला मराठी बोलायचे आहे, हे तिला कळले पाहिजे.

(४) लेखन आणि उच्चार : मराठी लेखन बहुतांशी उच्चारानुसारी असले, तरी काही उच्चार लिपीत दाखवले जात नाहीत. ‘हे जग सुंदर आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ या वाक्यांतील ‘ज’चे उच्चार वेगळे आहेत, हे आपण संदर्भाने जाणतो, यंत्र येथे चुकू शकते. हा दोष लेखकाचा नव्हे. परंतु काही दोष लेखकाचेच असतात. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकित केले, तर डोळ्यांना फरक जाणवत नाही. यंत्राच्या लेखी मात्र शब्द मध्येच तुटतो. ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ पडले, तर दऱ्यांच्या जागी समुद्र ऐकू येतो. डोळस वाचक अशी चूक मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. यंत्र लिहिलेले तेच उच्चारते.

(५) विरामचिन्हे व संक्षेप : कृत्रिम आवाज कोठे थांबावे हे विरामचिन्हांवरून ठरवतो. स्वल्पविराम गाळलेले लांबलचक वाक्य एका दमात ऐकावे लागते. याउलट ‘ता.’, ‘जि.’, ‘मु. पो.’ अशा संक्षेपांतील पूर्णविराम वाक्याचा शेवट समजला जाऊ शकतो. शक्य तेथे ‘तालुका’, ‘जिल्हा’ असे पूर्ण शब्द लिहिणे श्रेयस्कर.

व्याकरणाच्या तासाला शिकलेले शुद्धलेखन आणि विरामचिन्हांचे नियम येथे अगदी प्रत्यक्ष उपयोगाला येतात, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

५.२.६ लेखकाने काय करावे?

संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ या संस्थेने १९९९ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००८, २०१८ आणि २०२३ मध्ये त्यांच्या पुढील आवृत्त्या आल्या. २००८ पासून ती चार सूत्रांत मांडली आहेत : मजकूर ग्रहण करता यावा, पान हाताळता यावे, ते समजावे, आणि निरनिराळ्या साधनांवर ते टिकून राहावे. या तत्त्वांतील पुष्कळसा भाग तंत्रज्ञांसाठी आहे. मजकूर लिहिणाऱ्याच्या हाती असलेल्या गोष्टींचा येथे विचार करू.

पर्यायी मजकूर : चित्राच्या जागी वाचला जाणारा मजकूर म्हणजे पर्यायी मजकूर. १९९५ मध्ये निश्चित झालेल्या एचटीएमएलच्या आवृत्तीतच त्याची सोय होती. तो लिहिताना ‘या ठिकाणी हे चित्र का दिले आहे?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा. समजा, आषाढी वारीवरील लेखात दिवे घाटाचे छायाचित्र आहे. ‘छायाचित्र ३’ हा पर्यायी मजकूर निरुपयोगी होय. ‘दिवे घाटाच्या वळणावर पताका घेऊन चढणाऱ्या वारकऱ्यांची लांब रांग’ हा उपयोगी होय. तेच छायाचित्र रस्तेबांधणीवरील लेखात असेल, तर ‘दिवे घाटातील रस्त्याचे तीव्र वळण’ असे लिहावे लागेल. म्हणजे पर्यायी मजकूर चित्राइतकाच लेखाच्या हेतूवरही अवलंबून असतो. आलेखाचे चित्र असल्यास त्यातून निघणारा निष्कर्ष लिहावा. केवळ शोभेच्या वेलबुट्टीला रिकामा पर्यायी मजकूर द्यावा, म्हणजे स्क्रीन रीडर ती ओलांडून पुढे जातो.

दुव्याचे शब्द : दुवा स्वतंत्रपणे ऐकला तरी कोठे नेतो ते कळावे. ‘वेळापत्रकासाठी येथे क्लिक करा’ याऐवजी ‘तृतीय वर्ष कला : परीक्षेचे वेळापत्रक’ असे शब्द दुव्याला द्यावेत.

शीर्षके : शीर्षके अर्थवाही असावीत आणि त्यांच्या पातळ्या क्रमाने याव्यात. मजकूर रंगवून शीर्षकाचा आभास निर्माण करू नये. लेखनप्रणालीतील शीर्षकाची शैली वापरावी.

स्थान व रंग यांवर विसंबू नये : ‘उजवीकडील हिरवे बटण दाबा’ या सूचनेत अंध वाचकाच्या उपयोगाचे काहीच नाही. ‘अर्ज सादर करा हे बटण दाबा’ ही सूचना सर्वांना उपयोगी पडते.

या गोष्टींचा लाभ केवळ अंध वाचकालाच होतो असे नाही. अल्पदृष्टी असलेले वाचक अक्षरे मोठी करून वाचतात; त्यांना नीट मांडलेले पान आणि अक्षर-पार्श्वभूमीतील पुरेसा विरोध उपयोगी पडतो. शोधयंत्रालाही चित्रातील मजकूर सहसा सापडत नाही, यूनिकोड मजकूर सापडतो.

५.२.७ कायदा आणि हक्क

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये स्वीकारला गेला आणि २००७ मध्ये भारताने त्याला अनुसमर्थन दिले. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये आली. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ नुसार ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात उपलब्ध होईल, याची काळजी शासनाने घ्यावयाची आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन ओळखपडताळणीसंबंधीच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करा, यासारखी अट पाळणे ज्यांना शक्य नाही, त्यांना बँकेचे दार बंद होते, हा त्या प्रकरणाचा गाभा होता.

पुस्तकांच्या बाबतीतही असाच बदल झाला. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी सुगम्य प्रती तयार करण्यास मुभा मिळाली आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मात्र कायदा दार उघडण्याची सक्ती करू शकतो. आत ठेवलेला मजकूर वाचनीय करणे हे लिहिणाऱ्याचेच काम राहते.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(१) जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर स्क्रीन रीडरला का वाचता येत नाही?
(२) एकाच छायाचित्राला दोन लेखांत वेगवेगळा पर्यायी मजकूर का द्यावा लागतो?

५.३ सारांश

अंध व्यक्ती स्क्रीन रीडरच्या साहाय्याने संकेतस्थळ ऐकून किंवा ब्रेल पटलावर स्पर्शाने वाचतात. स्क्रीन रीडर पानामागील संहितेतील रचना वाचतो. शीर्षके, दुवे, विभाग, तक्त्याचे मथळे आणि रकान्यांची नावे यांच्या आधारे वाचक पानावर वावरतो. यांतील एखादी गोष्ट नसेल तर वाट अडते. मराठीत जुने फॉन्ट, छायांकित पीडीएफ, भाषेची चुकीची नोंद आणि सदोष टंकलेखन यांमुळे अडचणी वाढतात. पर्यायी मजकूर, अर्थपूर्ण दुवे, क्रमबद्ध शीर्षके व यूनिकोडमधील शुद्ध लेखन यांद्वारे लेखक हे अडथळे दूर करू शकतो. सुगम्यता हा आता कायद्याने मान्य केलेला हक्क असून त्यामागे व्यक्तीचे स्वावलंबन व खाजगीपणा यांचा प्रश्न आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

सुगम्यता : सर्व प्रकारच्या व्यक्तींना एखादी सेवा वा मजकूर वापरता येण्याची स्थिती.
संहिता : पानाची रचना व मजकूर ब्राउझरला सांगणारे लेखन.
पर्यायी मजकूर : चित्राच्या जागी वाचला जाणारा मजकूर.
यूनिकोड : जगातील लिप्यांमधील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाण व्यवस्था.
ब्रेल पटल : संगणकावरील मजकूर उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारे उपकरण.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) शीर्षकाची संहितेत नोंद असते, त्यामुळे स्क्रीन रीडर ते ‘शीर्षक’ म्हणून वाचतो व कळ दाबून त्यावर जाता येते, ठळक मजकूर साध्या मजकुरासारखाच वाचला जातो. (२) दुव्यांची यादी संदर्भाविना ऐकली जाते, त्यामुळे तो दुवा कोठे नेतो हे कळत नाही.
प्रश्न २ : (१) तेथे प्रत्यक्षात रोमन अक्षरे असतात व केवळ त्यांची आकृती देवनागरी असते. (२) पर्यायी मजकूर चित्र देण्यामागील हेतूनुसार ठरतो आणि हेतू लेखागणिक बदलतो.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘अंध वाचकाचे वाचन मजकूर लिहिणाऱ्यावर अवलंबून असते’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
(२) मराठी मजकुराच्या सुगम्यतेतील भाषिक अडचणींची चर्चा करा.
(३) तुमच्या गावातील एखाद्या उत्सवाच्या छायाचित्रासाठी दोन वेगवेगळ्या लेखांना अनुरूप असे दोन पर्यायी मजकूर लिहा.

५.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या किंवा मित्राच्या मोबाइलमधील स्क्रीन रीडर सुरू करा; तो बंद कसा करायचा, हे आधी समजून घ्या. पडदा न पाहता एखाद्या मराठी संकेतस्थळावरील एक बातमी शोधून ऐका. शीर्षके, दुवे व चित्रे कशी वाचली गेली, वाट कोठे अडली, याची नोंद करा. आपला अनुभव हा पहिल्या दिवसाचा अनुभव असून सराव झालेला अंध वाचक याहून कितीतरी कुशलतेने वावरतो, याचे भान ठेवा. शक्य असल्यास परिचयातील एखाद्या अंध वाचकाशी बोलून आपल्या नोंदी त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांसह एक पानाचा अहवाल यूनिकोडमध्ये लिहून अभ्यासकेंद्रात सादर करा.